मोहसडवा ओतून दिल्यानंतर: गडचिरोलीतल्या एका गावाचं प्रकरण

गावाचं नाव लिहीत नाही. या प्रकरणातले दारू गाळणारे, पिणारे, त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायका आणि या सगळ्यांची मुलं आजही एकाच हातपंपावर पाणी भरतात. उत्तर गडचिरोलीतलं, जंगलाला लागून असलेलं, तीन टोल्यांचं, म्हणजे तीन वस्त्यांचं, गाव, एवढी ओळख पुरे. बरीचशी घरं गोंडांची, थोडी इतर समाजांची. मी या भागात व्यसनमुक्तीचं काम करते. या गावात माझं अडीच वर्षं जाणं-येणं आहे. पहिल्या प्रयत्नात आम्ही सपशेल हरलो. पुढे एका माणसाचा जीव जाता जाता वाचला आणि त्यात माझी चूक होती. तो भाग मी झाकून ठेवणार नाही, कारण दुसऱ्या गावात कुणी हे काम हाती घेणार असेल तर त्याला तोच जास्त उपयोगी पडेल.

बंदी होती, दारूही होती

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती मंत्रालयात कुणाच्या मनात आली आणि झाली, असं घडलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ या आपल्या संस्थेचं काम इथे सुरू केलं. आरोग्याच्या कामातून गावांशी बोलणं वाढलं तसा लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूचा प्रश्न पुढे आणला. गावोगावी ठराव झाले, मोर्चे निघाले आणि त्या रेट्यातून बंदी आली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही बायकांच्या मोठ्या लढ्यानंतर 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली, पण 2021 मध्ये ती उठली. गडचिरोलीतली टिकली. 2016 पासून ‘सर्च’, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांचं ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारू आणि तंबाखू या दोन्हींवर जिल्हाभर चालतं. गावसंघटना, जनजागृती, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार या चारही बाजूंनी ते काम करतं.

कायद्याने परवान्याचं दुकान बंद होतं. मोहाचं झाड बंद होत नाही, आणि ते व्हावं असं कुणी म्हणूही नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. उजाडायच्या आधी बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळवलेलं मोहफूल खाल्लं जातं, विकलं जातं, देवाला लागतं. हेच फूल गुळाबरोबर पाण्यात भिजवून ड्रममध्ये सडवलं की काही दिवसांत सडवा तयार होतो, आणि तो भट्टीवर चढवला की दारू. भट्टी नेहमी नाल्याच्या काठी, कारण वाफ थंड करायला पाणी लागतं. या गावात नाला दीड टोला ओलांडला की लागतोच.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सात घरं दारू गाळत होती. त्यांपैकी चार घरांत कमावता पुरुष नव्हता, किंवा असून नसल्यासारखा होता. आठवं घर वेगळं. तिथे गाळणं नव्हतं. बाहेरून देशी-विदेशीच्या पेट्या यायच्या आणि रस्त्यालगतच्या खोलीतून विकल्या जायच्या. सात आणि एक यांतला हा फरक मला तेव्हा दिसला नाही. माझ्या वहीत मी ‘विक्रेते: आठ’ एवढंच लिहून ठेवलं होतं.

पिणं वर्षभर चालू असलं तरी त्याला हंगाम होते. तेंदूपत्त्याचा पैसा हातात आला की जोर, धान विकलं की जोर. एक बाई धानाचे पैसे धानाच्याच ढोलीत, तळाशी, पॉलिथिनमध्ये गुंडाळून लपवायची. नवऱ्याने ढोली पालथी केली त्या दिवशी तिचा हात मोडला. तो मे महिना होता.

पहिला प्रयत्न

हात मोडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही टोल्यांत गेली. रात्री तीसेक बायका जमल्या. संतापलेल्या होत्या, आणि तो संताप खरा होता. मी त्या दिवशी गावातच मुक्कामाला होते. ‘आज नाही तर कधीच नाही’ असं मीच म्हटलं. टॉर्च घेऊन सगळ्या निघाल्या. दोन घरची मडकी फोडली, नाल्यावरचे तीन ड्रम आडवे केले. सडव्याचा आंबूस वास दुसऱ्या दिवशीही नाल्यावर होता. मी फोटो काढले, ते चार जणांना पाठवले, आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली एका बाईवर गुन्हा नोंदवला गेला. ती विधवा. तिचं घर रस्त्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून आधी सापडलं. पेट्या विकणाऱ्याच्या खोलीला त्या दिवशी कुलूप होतं. त्याला आधीच कळलं असावं, असं गावात सगळेच म्हणत होते.

पंधरा दिवसांत सातही घरं पुन्हा सुरू. शिवाय दोन टोल्यांतल्या बायकांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं, कारण फोडलेली दोन्ही घरं खालच्या टोल्यातली आणि फोडणाऱ्या बहुतेक वरच्या टोल्यातल्या. जी बाई त्या रात्री सगळ्यांच्या पुढे होती तिच्या नवऱ्याला चारचौघांत ‘घरची बाई आवर’ म्हणून सुनावलं गेलं. ती बैठकीला यायची थांबली. भेटली की नजर चुकवायची.

त्या विधवेने मला हातपंपावर गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, “बाई, मडका फोडला, बरा केला. मी पन जानतो का हा धंदा चांगला नाई. पन आता पोरीच्या जान्यायेन्याचा, कपड्यायचा खर्च कोन देते? तुमी देता का?” मुलगी तालुक्याच्या वसतिगृहात राहून शिकत होती. मी काहीतरी योजनांचं बोलले. तिने हंडा उचलला आणि गेली.

त्या रात्रीचं बळ खोटं नव्हतं. पण ते फक्त फोडण्यापुरतं होतं. मडकं कितीला मिळतं आणि नवं आणायला किती दिवस लागतात, हे आमच्यापैकी एकीनेही मनात मांडलं नव्हतं.

चिंचोके

पुढचे दोन महिने मी दारूचा शब्दही काढला नाही. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली होती. चिखलात सगळ्या टोल्यांच्या बायका एकमेकींच्या बांधीत असतात. बोलणं बंद असलं तरी पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी हातात द्यावीच लागते. मी बांधावर बसायचे, कधी उतरायचे. अबोला तिथेच हळूहळू विरघळला, माझ्या कुठल्याही कौशल्याशिवाय.

रोवणी आटोपल्यावर टोल्याटोल्यात दुपारच्या बैठका सुरू केल्या, फक्त बायकांच्या. पहिल्या बैठकीत प्रत्येकीपुढे मूठभर चिंचोके ठेवले आणि एवढंच विचारलं: मागच्या आठवड्यात घरात पैसा कुठून आला आणि कुठे गेला, ते मांडून दाखवा. जमिनीवर कोळशाने घरं आखली. मजुरी, धान, जंगलातली वस्तू एका बाजूला. किराणा, औषध, शाळा, खर्रा (तंबाखू-सुपारी), दारू दुसऱ्या बाजूला. बोलायला लाजणाऱ्या बायका चिंचोके मांडायला लाजत नाहीत.

खालच्या टोल्यात गाळणाऱ्या दोघी बैठकीला आल्या. त्यातल्या एकीने दारूच्या विक्रीचे म्हणून मोठा ढीग केला. सगळ्या बघत राहिल्या, कारण बाकी कुणाचाच ढीग एवढा नव्हता. मग तिने त्याच ढिगातून ओंजळभर उचलले आणि पलीकडे ‘दारू’च्या घरात टाकले. “हे त्याचे. घरचीच पेते.” पुन्हा थोडे उचलले: पोलिसांचं लचांड मिटवायला गेलेले. पुन्हा थोडे: उधारी, जी बुडाली. शेवटी तिच्या हाताशी उरलेले चिंचोके तिच्या मजूर जावेपेक्षा दोन-चारच जास्त होते. ती बराच वेळ ते बोटाने इकडून तिकडे सरकवत बसली.

मी अनेक गावांत भाषणं केली आहेत, फिल्म दाखवल्या आहेत, घोषणा दिल्या आहेत. या अर्ध्या तासाने जे केलं ते त्यातल्या कशानेही केलेलं मी पाहिलं नाही. विकणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या बाजूला येऊन बसली, कारण तिला कुणी दोषी ठरवलं नव्हतं. हिशोब तिचा तिनेच केला होता.

गोटुलातल्या दोन संध्याकाळी

अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रातल्या गावांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे आणि पुष्कळ गावांना ती माहीत नसते. 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला आणि पंचायतीला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, त्यांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार देतो. महाराष्ट्राने 2014 मध्ये याचे नियम केले. म्हणजे इथल्या बायका पोलिसांकडे दारू बंद करा म्हणून हात जोडायला जात नाहीत. ठरवण्याचा हक्क त्यांच्या गावाचाच आहे आणि अंमलबजावणीला पोलिसांनी यायचं आहे. हे वाक्य मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

धानाची कापणी-मळणी झाल्यावर, डिसेंबरात, ग्रामसभा भरली. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक जागेत, शेकोटीभोवती. एका संध्याकाळी संपली नाही.

वाद दारू बंद करावी की नाही यावर नव्हताच. तो देवाच्या दारूवर अडला. पेनला, म्हणजे गोंडांच्या देवाला, मोहाची धार लागते, जन्माला लागते, मरणाला लागते. गायता, म्हणजे गावाचे पुजारी, म्हणाले, “गाव म्हनते ते खरं. पन देवाचं मी कसं बंद करू?” तरुण मुलांपैकी काहींचं म्हणणं होतं की एक फट ठेवली की सगळी दारू त्यातूनच वाहील. माझंही मत तेच होतं. मी ते बोलून दाखवलं, जरा जोरातच.

दुसऱ्या संध्याकाळी तोडगा वयस्क बायकांनी काढला. देवकार्यासाठी मोह गाळायचा असेल तर आठ दिवस आधी ग्रामसभेत सांगायचं. किती, तेही सांगायचं. विकायची नाही. विधी झाल्यावर उरलेली गायत्यासमोर ओतून टाकायची. सगळ्यांनी मान्य केलं. आज मागे बघते तेव्हा वाटतं, माझं त्या दिवशी ऐकलं असतं तर बंदी महिनाभरही टिकली नसती. गावातले वयस्क पुरुष बंदीच्या बाहेर राहिले असते. या तोडग्याने ते तिचे राखणदार झाले. फट राहिली, पण तिच्यावर डोळा ठेवणारा माणूसही ठरला.

दुसरा प्रस्ताव मला घाबरवणारा होता. ऐकणार नाही त्या घराला हातपंपावर येऊ द्यायचं नाही, त्यांच्याकडे मरण-लग्नाला जायचं नाही. हे थांबवायला मात्र मी बोलले आणि बोलणं भाग होतं. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचं पाणी तोडलं तो माणूस गावाचा उरत नाही. मग त्याने गावाचं का ऐकावं? दारू सोडवण्याच्या नावाखाली माणसांना खांबाला बांधणं, मारणं, तोंड काळं करणं हे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत आणि त्यांचं कौतुकही झालेलं आहे. मला त्याची चीड येते. शेवटी असं ठरलं: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा दंड, तो ग्रामसभेच्या खात्यात पावतीसह, आणि तिसऱ्यांदा ग्रामसभेच्या पत्रासह पोलीस ठाणे. मारहाण कुणीही करायची नाही.

बंदीची तारीख धरली ती फाल्गुनातली, मोह गळायच्या तोंडावरची. कारण साधं होतं. फूल एकदा घराघरांत साठलं की ते मडक्यात जाणारच. ते गळतानाच त्याला दुसरी वाट हवी होती.

विकणाऱ्यांचं काय केलं

मोहफुलाला हंगामात भाव पडलेला असतो आणि पावसाळ्यात चढतो. व्यापारी एप्रिलमध्ये घेतो, पुढे नफा त्याचा. बायकांच्या बचत गटाने ठरवलं की यंदा गावाचं फूल आपण घ्यायचं, कोरडं साठवायचं आणि पावसाळ्यात विकायचं. भांडवल ग्रामसभेने दिलं. सामूहिक वनहक्कामुळे बांबू आणि तेंदूचं उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात येतं, त्यातून. फूल मोजणं, निवडणं, पोती राखणं हे काम त्या विधवेला दिलं, ठरलेल्या मजुरीवर. तराजू तिच्या घरी ठेवला.

बाकी घरांकडे तीन-तीन बायका गेल्या, आठवडाभर, दिवसाउजेडी, घरातली माणसं जेवून-खाऊन निवांत असताना. दोघांनी शेळ्यांसाठी कर्ज घेतलं. एक कुटुंब रोजगार हमीच्या कामाला लागलं. एकाने ‘बंद करतो’ म्हटलं आणि केलं नाही. त्याला पुढे दंड झाला आणि त्याने तो चिडचिड करत भरला. सगळं गोड झालं असं सांगणार नाही.

पेट्या विकणाऱ्यावर यातलं काहीच चालत नव्हतं. त्याला ना कर्ज हवं होतं ना तराजू. त्याच्या मागे गावाबाहेरची माणसं होती, गाड्या होत्या. गावाने काय करावं आणि पोलिसांनीच काय करावं याची रेघ इथे स्पष्ट ओढावी लागते. बायकांना रात्री अशा माणसाच्या दारात पाठवणं हा सक्षमीकरणाचा भाग नाही, तो जबाबदारी झटकण्याचा प्रकार आहे. ग्रामसभेने पत्रं दिली. गाडी कोणत्या वारी, किती वाजता येते, कुठे थांबते, सगळं तारखांसह. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नव्हतं. तिसरं पत्र घेऊन पोलीस पाटील, गायता आणि बारा बायका स्वतः गेल्या आणि पोच घेऊनच उठल्या. त्यानंतर धाड पडली, आणि पुढे दारूबंदी कायद्याच्या कलम 93 खाली त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं गेलं. त्याने या गावातली खोली सोडली. शेजारच्या गावात घेतली.

माझी चूक

बंदीची तारीख ठरवताना आम्ही विकणाऱ्यांचा विचार केला, देवाचा केला, फुलाचा केला. पिणाऱ्यांचा केला नाही.

वरच्या टोल्यात एक माणूस होता, चाळिशीचा. उठल्याउठल्या घेतल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे. बंदीच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, “ताई, एकदम बंद जमंल का मले?” मी म्हटलं, “दादा, मनात आणलं तर जमेल.” हे वाक्य मला अजून झोपेत आठवतं.

पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम, उलट्या. घरच्यांना वाटलं, विष उतरतं आहे, चांगलंच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटका आला. ओसरीत पडला, दात आवळले, तोंडाला फेस. त्याची आई त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि मोठा मुलगा गाडी शोधायला धावला होता. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत दुसरा झटका येऊन गेला. रात्री तो भिंतीवर किडे दिसतात म्हणून हातांनी झटकत होता. डॉक्टरांनी औषधं दिली, जीवनसत्त्व ब-1 ची इंजेक्शनं दिली. पाचव्या दिवशी त्याने आईला ओळखून पाणी मागितलं.

मनाच्या ताकदीशी याचा संबंध नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू घेणाऱ्याचा मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. दारू अचानक थांबली की तोच मेंदू बेफाम होतो. थरथर, घाम, अस्वस्थता साधारण 6 ते 24 तासांत सुरू होते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, बडबड, भास दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. योग्य औषधांनी हे टाळता येतं. पण औषधापर्यंत पोचतो कोण? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेला 2019 चा राष्ट्रीय अहवाल सांगतो की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत किंवा उपचार मिळाल्याचं आढळलं. त्या दिवशी आमच्या गावातला तो माणूस उरलेल्या सदतिसांतला होता, आणि त्याची दारू आम्ही बंद केली होती.

पंधरा दिवसांत गावातच उपचार शिबिर घेतलं. आशाताईंनी घरोघर जाऊन यादी केली. आता मी कुठल्याही गावात गेले की बंदीची तारीख ठरण्याआधी एकच प्रश्न विचारते: सकाळी उठल्यावर ज्याला घ्यावीच लागते असं गावात कोण आहे? त्यांची आधी तपासणी, आधी औषध, मग तारीख. हा क्रम उलटा करायचा नाही. दारूचा त्रास असलेल्या माणसासाठी किंवा त्याच्या घरच्यांसाठी 14446 हा सरकारी मोफत मदत क्रमांक आहे. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला.

तो माणूस दोन महिने राहिला. मग एका लग्नात, बाहेरगावी, प्यायला आणि रात्री गावात पडत-झडत आला. काही जणांनी दंडाची मागणी केली. बैठकीत त्याची आई उभी राहिली. म्हणाली, “तापानं पडला त दंड करता का?” त्या दिवशी ठरावात एक ओळ वाढली: दंड विकणाऱ्याला, पिणाऱ्याला नाही; पिणाऱ्याला दवाखान्यात न्यायचं. इतक्या साध्या शब्दांत हे मला कधी सुचलं नव्हतं.

वही

खरं काम त्यानंतरचं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. दर बाजाराच्या दिवशी तीन बायका नाल्यावर चक्कर मारून येतात. पाळी ठरलेली. आल्यावर वहीत लिहितात. वही साधी, शाळेची, दोनशे पानी. ‘नाल्यावर काही नाही.’ ‘ड्रम 1, कोणाचा माहीत नाही, ओतला.’ ‘पाऊस, गेलो नाही.’ पानंच्या पानं अशी आहेत. ‘गेलो नाही’ हे लिहिण्याचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. गावाने स्वतःपाशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, त्याचा तो पुरावा आहे.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत परीक्षा झाली. सगळ्या उमेदवारांना गोटुलात उभं करून ‘दारू वाटणार नाही’ असं वदवून घेतलं होतं. तरी मतदानाआधी रात्री गाडी येणार अशी कुणकुण लागली. बायका फाट्यावर शेकोटी करून बसल्या, पोलीस पाटलांना सोबत घेऊन. पहिल्या रात्री गाडी दुरूनच वळली. दुसऱ्या रात्री ती मागच्या जंगलवाटेने आली आणि खालच्या टोल्यात वाटप झालं. वहीत तेही लिहिलं आहे.

शेजारच्या गावात दारू मिळते आणि मोटारसायकलवर तिथे जाणारी पोरं आहेत. त्यांच्यातले काही परतताना पडलेही आहेत. एका गावाच्या बंदीची सीमा शिवेपाशी संपते. आता तीन गावांच्या बायकांची एकत्र बैठक व्हायला लागली आहे. अजून ती बैठकच आहे, त्यापुढे काही नाही.

आकडे मोजण्याएवढा अभ्यास मी केलेला नाही, म्हणून दिसलं तेवढंच सांगते. पोरांच्या हातात रिकामी बाटली देऊन ‘जा, घेऊन ये’ म्हणणं थांबलं, असं शाळेतले गुरुजी सांगतात. संध्याकाळी मुली नाल्याच्या वाटेने एकट्या येतात. ढोलीत पैसे लपवणाऱ्या बाईचं आता बँकेत खातं आहे आणि ती नाल्यावरच्या पाळीत आहे.

खर्रा मात्र जसाच्या तसा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून खाणं या भागात पुरुषांइतकंच बायकांतही आहे. नाल्यावर जाणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पदराला पुडी असते. मी एकदा बैठकीत विषय काढला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, “दारू त्यायची होती, सांगाले सोपं होतं. हे आपलं आहे.” त्या विषयावर त्यानंतर दोन बैठका झाल्या. घरात लहान पोरांसमोर घोटायचा नाही, एवढ्यावर एकमत झालं आहे.

पोती

पहिल्या वर्षी मोहफुलाला पावसाळ्यात चांगला भाव आला. विधवा बाईंची मजुरी निघाली आणि गटाला वर थोडं उरलं. मुलगी बारावीला गेली. यंदा फूल जास्त साठवलं, पण पावसाळा लांबला, चार पोत्यांना ओल लागली आणि व्यापाऱ्याने त्यांच्यासकट सगळ्या मालाचा भाव पाडला. बाईंनी द्यायला नकार दिला. परवा मी गेले तेव्हा त्यांनी पोती अंगणात पसरून वाळत घातली होती आणि खराब फूल एकेक करून वेचत होत्या.

मी विचारलं, ही गेली नाहीत तर?

“पाहीन,” त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. “फागूनपर्यंत पाहीन.”

त्यांनी शपथ घेतलेली नाही आणि मी मागितलेली नाही. फाल्गुनाला अजून अवकाश आहे. मंगळवारी आम्ही दोघी तालुक्याला दुसऱ्या एका खरेदीदाराकडे जाणार आहोत. नमुन्याचं फूल त्यांनी वेगळं निवडून एका डब्यात भरून ठेवलं आहे.